वाढत्या अंगाची सीट

मी स्पष्टच लिहिते. ज्या पत्रकाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, तेच पत्रक अर्धवट होतं.

पिवळा कागद, काळी शाई. वर ठळक अक्षरात: ‘मांडी म्हणजे सीटबेल्ट नव्हे!’ खाली चार ओळी. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन मोटारीत पुढं बसू नका. बाळासाठी कारसीट वापरा. आज नको, उद्या बघू, असं म्हणू नका. लेकराचा जीव स्वस्त नाही. ही शेवटची ओळ सुचली तेव्हा मी एकटीच खोलीत टाळी वाजवली होती.

बारामतीत बाजाराच्या दिवशी मी ती पत्रकं वाटत उभी होते. मी ज्या युवक संघटनेत काम करते, तिथं आम्हाला पहिला धडा मिळालेला असा: एका पत्रकात एकच मागणी, आणि वाचणाऱ्यानं घरी जाऊन नेमकं काय करायचं, हे त्यात असलंच पाहिजे. उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा म्हणून आम्ही ओरडत होतो, तेव्हा ते नेमकं होतं. लाल पट्टी, ट्रॉलीच्या पाठीला, दोन्ही कडांना. विषय संपला. कारसीटच्या पत्रकात मात्र नुसता आवाज होता.

कडेवर पोर आणि पिशवीतनं मेथी बाहेर आलेली एक बाई थांबली. तिनं पत्रक वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही बघितली आणि विचारलं, “पण ताई, कंची घ्यायची?”

“कुठलीही चांगली घ्या,” मी म्हणाले.

कुठलीही चांगली! आजही आठवलं की माझे कान तापतात. औषधाच्या दुकानात जाऊन ‘कुठलीही चांगली गोळी द्या’ म्हणावं, तसलं ते उत्तर होतं. बाई मान हलवून पुढं गेली. मी पुढच्या माणसाच्या हातात कागद कोंबला.

चूक उघडी पडली ती आमच्याच घरात.

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भाची अडीच महिन्यांची झाली. आता मायलेकींना लासुर्ण्याला, म्हणजे ताईच्या सासरी पाठवायचं ठरलं. दोन रविवार आधीपासून आईनं डिंकाचे लाडू वळायला घेतले. दाजी स्वतःची गाडी घेऊन येणार होते. आणि मी जाहीर करून टाकलं, “बाळ कारसीटमधूनच जाईल. नाहीतर मी दारात आडवी पडेन.”

“आडवी पड,” आई म्हणाली, “पण आधी पीठ चाळून दे.”

सीट आणायला आई माझ्याबरोबर आली, आणि तिथंच घात झाला. आमच्या घरात कुठलीही वस्तू वाढत्या अंगाचीच घेतात. माझा शाळेचा गणवेश पाचवीत घेतला तो सातवीत अंगाला बसला. तोवर मी त्याच्या आत कुठंतरी होते. चप्पल घेतली तर टाचेमागं बोटभर जागा, स्वेटर घेतला तर बाह्यांना दोन दुमडी. दुकानात एकच कारसीट होती. उंच पाठीची, काळी-लाल, मोठी ऐटबाज. आईनं ती हातानं दाबून बघितली आणि विचारलं, “किती वर्षं चालंल?”

“मावशी, पोरगी पाचवी-सहावीत जाईपर्यंत बघायला नको,” दुकानदार म्हणाला.

आईचा चेहरा उजळला. माझाही. मी कुठलाही कागद वाचला नाही. दुसऱ्यांना कागद वाचायला लावणारी मी, खोक्यावरचं चिकटवलेलं लेबल न वाचता सीट रिक्षात घालून घरी घेऊन आले.

निघायच्या आधीच्या रविवारी दाजी नुसतेच भेटायला आले होते. आम्ही सीट गाडीत ठेवली आणि तिच्यात बाळाच्या वजनाची उशी ठेवून बघितली. उशी सरळ घसरून खाली गेली. पुन्हा ठेवली. पुन्हा खाली. शिवाय सीटला बांधायला मागचा बेल्ट ओढला, तर त्याचं टोक अडकवायचं कुठं? कुलूपच सापडेना. दाजींनी सगळी बाकं चाचपली.

“माझ्या गाडीला मागं बेल्टचं कुलूप नसेलच,” ते म्हणाले.

“सगळ्या गाड्यांना असतं!”

“मग तुझ्या पत्रकाला विचार कुठंय ते.”

मी चिडले आणि त्यांना गाडीसकट कुशनवाल्या चाचांकडं घेऊन गेले. चाचा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाचे मालक. गाड्यांची सीटकव्हरं शिवण्यात त्यांची हयात गेली. माझ्या पप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, म्हणून मला लहानपणापासून ओळखणारे. ईदला आमच्याकडं शिरखुर्म्याचा डबा त्यांच्याच घरून येतो.

चाचांनी आधी सीट बघितली. मग मला बघितलं. मग हसायला लागले ते थांबेचनात.

“बेटा, ही कुणासाठी आणलीस?”

“भाचीसाठी.”

“शाळंला जाती व्हय भाची?”

“अडीच महिन्यांची आहे.”

“आगं मग ही तिला कशी हुईल! हिला बूस्टर म्हणत्यात. हिच्यात स्वतःचा पट्टाच न्हाय, बघ. ही पोराला फकस्त उंच करती. म्हंजे गाडीचा मोठ्या माणसांचा बेल्ट त्याच्या गळ्यावर न येता खांद्यावर येतो, आन् खालचा पोटावर न येता कमरंच्या हाडावर. ही पाच-सहा वर्सांच्या पोराची. तुझी भाची हिच्यात म्हंजे शेरवानीत मांजराचं पिल्लू.”

दाजी पाठ फिरवून हसत होते. मला कळत होतं.

मला राग आला, आणि लगेच एक विलक्षण उत्सुकताही. म्हणजे ‘कारसीट’ ही एक वस्तूच नव्हती! पायरी-पायरीनं चढत जाणाऱ्या वेगवेगळ्या वस्तू होत्या. मी तिथंच फळकुटावर बसून माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. चाचांनी एका मोठ्या डॉक्टरांच्या गाडीची कव्हरं शिवताना त्यांच्या नातवाची सीट काढ-घाल केली होती, तिच्याबरोबर आलेलं पुस्तक बसून वाचलं होतं. कव्हर शिवणारा माणूस पुस्तक वाचतो आणि पत्रकवाली वाचत नाही. घ्या.

“तान्ह्या बाळाची सीट पाठमोरी,” चाचा म्हणाले. “बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचंकडं. एक येती ती टोपलीवानी, वर कडी असती, बाळासकट उचलून घरात न्हेता येती. पण बाळाचं डोकं तिच्या वरच्या कडंपोतर आलं, की तिचं काम संपलं. दुसरी येती ती दोन्हीकडं फिरणारी. आधी पाठमोरी लावायची, मग पोर मोठं झालं की तीच पुढं तोंड करून. तिसरी फकस्त पुढं तोंड करणारी, तिला आतले पाच पट्टे असत्यात, दोन खांद्याचे, दोन कमरंचे, एक पायामधला. आन् चवथी ही, तुझी शाळंची.”

“पण पाठमोरी कशाला? बाळाला पुढचं दिसायला नको?”

चाचांनी दुकानाच्या मागं परसात बोट दाखवलं. कुंपणावर भोपळ्याचा वेल होता.

“भोपळा केवढा आन् देठ केवढा? बाळाचं डोकं म्हंजे भोपळा, मान म्हंजे देठ. गाडीला कचकन ब्रेक लागला की सगळं पुढं जातं. पुढं तोंड आसंल तर भोपळा पुढं झुकणार, समदा जोर देठावर. पाठमोरं आसंल तर डोकं, मान, पाठ, समदं एकदम सीटच्या पाठीला टेकतं. देठावर काय येत न्हाय. म्हणून घाई करायची न्हाय फिरवायची. वय मोजायचं न्हाय, वजन आन् उंची बघायची. लेबलावर लिहिलेलं आसतं.”

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडं मुद्दाम बघितलं.

“आणि पुढच्या सीटवर लावली तर?” दाजींनी विचारलं. त्यांचा आवाज आता चेष्टेचा नव्हता.

“अजिबात न्हाय. समोर एअरबॅग हाय. ती फुटली की पाठमोऱ्या सीटवर घणावानी बसती. बाळ मागंच.”

मग बेल्टच्या कुलपाचा प्रश्न आला. चाचांनी मागचं सीटकव्हर बोटांनी चाचपलं. मग कात्री घेऊन त्यांनी शिवण उसवली. आत, फोमच्या खाली, तिन्ही कुलपं नीट झोपलेली होती.

“हे कव्हर माझ्याच हातचं हाय,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक म्हणायचं, चाचा, कुलूप टोचतंय, आत दाबून टाका. मी दाबायचो. कितीएक गाड्यांची दाबली आसतील.” त्यांनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. “आता ज्याची गाडी दुकानात येईल त्याची आधी कुलपं वर काढणार. फुकाट.”

मी म्हणाले, “चाचा, माझंही पत्रक तसंच होतं. वरून टापटीप, आत कुलूप गाडलेलं.”

“मग उसव की,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सीट बदलायला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. मी विचारलं, अडीच महिन्यांच्या बाळाला बूस्टर विकता? तो म्हणाला, तुम्ही बाळ किती मोठं ते सांगितलंच नाही. हे खरं होतं. पण खरं असलं तरी मी ऐकून घेतलं नाही. “पत्रक काढते,” एवढंच म्हणाले. तो म्हणाला, “ताई, पत्रक नका काढू, पुण्यावरनं मागवून देतो.” असं धमकावणं बरोबर नव्हतं, पण मी ते केलं. शुक्रवारी सीट आली. दोन्हीकडं फिरणारी, आत तान्ह्या बाळासाठी वेगळी गादी. या खेपेला लेबल मी दोनदा वाचलं आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

“म्हणजे वाढत्या अंगाचीच की,” आई खूश झाली.

“हो, पण आजच्या अंगालाही बसणारी.”

रविवारी सकाळी गाडी दारात आली, आणि मागच्या दारातून ताईच्या सासूबाई उतरल्या. ताई त्यांना आत्या म्हणते, म्हणून आम्ही सगळेच आत्या म्हणतो. आत्यांनी नवीकोरी मोरपंखी साडी नेसली होती. सोबत नवी गोधडी, स्वतः शिवलेली. त्यांनी नातीला घेतलं, गोधडीत पक्कं गुंडाळलं, अगदी पुरणपोळीची घडी घालावी तसं, आणि पुढच्या सीटकडं चालायला लागल्या.

“आत्या, बाळ मागं. सीटमध्ये,” मी म्हणाले.

“कसली शीट?”

त्या आत चहा घेत होत्या तेवढ्यात मी आणि दाजींनी मागं बांधलेली सीट मी दार उघडून दाखवली. आत्यांनी वाकून बघितलं. “ह्यात? ह्या घमेल्यात? आन् त्ये पण उलटं तोंड करून? गावात शिरताना माझी नात पाठमोरी शिरणार व्हय?”

पप्पा पायरीवर उभे होते. ते हळूच म्हणाले, “आत्याबाई, शकुन-अपशकुन आपल्या दोन्ही घरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सोडले की.”

“मी कुठं मानती, दादा? मी न्हाय मानत. पण गाव बघतंय का न्हाय?”

मग मी सुरू झाले. मान, देठ, भोपळा, एअरबॅग, सगळं. हात वर करून. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पुढारीन बाई, माझी तिन्ही पोरं यष्टीतनं मांडीवर आली. एकाला तरी खरचाटलं का? मांडी म्हंजे काय तुला पत्रक वाटलं?”

“नशीब म्हणून आली!” मी ओरडले.

आत्यांचा चेहरा उतरला. त्या भांडणाच्या सुरात बोलल्या असत्या तर मी जिंकले असते. पण त्या अगदी खालच्या आवाजात बोलल्या.

“माझं थोरलं पोरगं, ह्यो तुझा दाजी, पयल्यांदा घरी न्हेलं तवा माझ्या सासूनं मांडीवर घेतलं. मला मागच्या शीटावर बसवलं, पेटीसंगं. गावात शिरोस्तोवर मला त्याचं टकुरं सुदिक दिसलं न्हाय. तवा सासू म्हणली व्हती, तुझा बी नंबर येईल. आता माझा नंबर हाय. आन् तू म्हणतीस घमेल्यात ठिव.”

मांडी म्हणजे सीटबेल्ट नव्हे, हे खरंच. पण मांडी म्हणजे काय होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात ताई बोलली. ताई! आठवडाभर या विषयावर मी बोलले, आई बोलली, चाचा बोलले, आत्या बोलल्या. बाळ जिचं तिला एकानंही विचारलं नव्हतं. मीही नाही.

“आत्या, ती सीटमध्ये जाईल,” ताई म्हणाली. “आणि तुम्ही तिच्या शेजारी बसा. मी पलीकडं खिडकीला बसते. ती पाठमोरी आहे ना, म्हणजे तिचं तोंड शेजारच्याला दिसतं. पुढं मांडीवर घेतली असती तर तुम्हाला टोपडंच दिसलं असतं.”

गोधडीची घडी आत्यांनीच सोडली. सोडावीच लागते. गुंडाळलेल्या बाळाला पट्टे लागत नाहीत. पायामधला पट्टा जाणार कुठून? बाळाला आधी नुसत्या झबल्यात बसवायचं, पट्टे खांद्याला चिकटून घ्यायचे, इतके की पट्ट्याची घडी चिमटीत धरायला गेलं तर धरताच येऊ नये. मग वरून गोधडी. सीटखाली नाही, पट्ट्याखाली नाही, वरून. गाडीचा बेल्ट जिथून जातो तिथं सीट धरून हलवली तर इंचभरही हलता कामा नये. मी सांगत होते, पण कुलूप लावलं ते आत्यांनी. खट्! त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं.

“वाजलं बघ.”

“वाजलं म्हणजे लागलं.”

आत्यांना आणि ताईला मी बेल्ट लावायला लावले. आईनं लाडवांचा स्टीलचा डबा आत्यांच्या मांडीवर दिला. “दोन्ही हातांनी धरा, तूप आहे.” मी दाजींशेजारी पुढं बसले.

ऊसतोडीचे दिवस होते. रस्ता डबल ट्रॉल्यांनी भरलेला, प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. मी मागून प्रत्येक ट्रॉलीची पाठ तपासत होते. लाल पट्टी आहे, नाही, आहे. मागं आत्यांचं एकटीचंच चाललं होतं. “हासली. आगं हासली बघ. भुवई बापाची. जांभई देती, दे बाई, दे.” त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मी आरशातून बघणंही टाळलं.

लासुर्णं जवळ आलं आणि आमच्या पुढच्या ट्रॉलीवरून उसाची एक अख्खी मोळी घसरून रस्त्यावर पडली. दाजींनी ब्रेक मारला. आम्ही काही सुसाट नव्हतो, साध्या वेगात होतो. तरी माझ्या छातीला बेल्टनं दणका दिला, मागून धाडकन आवाज झाला, आणि माझ्या कानाजवळून काहीतरी चमकत गेलं आणि पुढच्या काचेखाली आदळलं.

लाडवांचा डबा. झाकण एकीकडं, लाडू सगळीकडं. एक दाजींच्या मांडीत, एक माझ्या चपलेपाशी.

“बाळ!” ताई किंचाळली.

मी बेल्ट सोडून मागं वळले. भाची जागची हलली नव्हती. दोन्ही डोळे टक्क उघडे, आत्यांकडं बघत होती. मग तिनं ओठ मुडपले, विचार केला, आणि परत एक जांभई दिली.

आत्यांचे दोन्ही हात अजून मांडीवर तसेच होते, डबा धरल्यासारखे. मधे डबा नव्हता. त्या त्या रिकाम्या हातांकडं बघत राहिल्या.

“दोन्ही हातांनी धरला व्हता,” त्या म्हणाल्या. “कळलंच न्हाय कवा गेला.”

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. पण असा आनंद उसळला की मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ती हलली नव्हती! दाजी खाली उतरून मोळी बाजूला ओढत होते. ओढता ओढता ते थांबले आणि तिथंच रस्त्याच्या कडेला जरा बसले.

घराशी पोचलो तेव्हा ओट्यावर शेजारपाजार जमला होता. एक म्हातारी काचेतून डोकावून म्हणाली, “आवो, पोरगी उलटी का बशिवली?”

“सुलटीच हाय ती,” आत्या आतून म्हणाल्या. “तुझं बघणं उलटं हाय. सर बाजूला.”

दाजी कुलूप सोडायला वाकले, तर आत्यांनी त्यांचा हात बाजूला सारला. “मला येतंय ह्याचं.” लाल बटण दाबलं, पट्टे खांद्यावरून काढले, नातीला उचललं. खाली उतरल्या. मोरपंखी साडीला तूप लागलं होतं. त्या ओट्यावर ऐसपैस बसल्या, गोधडी पसरली, मांडी घातली आणि बाळाला तिच्यात ठेवलं. मग सगळ्या गल्लीकडं एकदा बघितलं.

“हां. आता माझा नंबर.”

मी दारात चपला काढत होते. माझ्या हातात चेपलेला डबा होता.

“आन् ए पत्रकवाली,” आत्यांनी वर न बघता हाक मारली, “तुझ्या कागदावर त्यो भोपळा-बिपळा ऱ्हाऊ दे. लाडवाचा डबा लिही. बायांना कळंल.”